डब्यांवरची लेबलं आणि स्पिरिटचा बोळा

तीर्थस्वरूप ताईंना,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून केला आहे. पत्रात कोणी बघत नसतं म्हणून लोक नुसता शब्द लिहून मोकळे होतात. मी खुर्चीतून उठलो, तुमचं घर कोणत्या बाजूला येतं याचा अंदाज घेतला आणि वाकलो. अंदाज चुकला असेल तर माझा नमस्कार समोरच्या पाण्याच्या टाकीला पोचला आहे, तो तिच्याकडून मागून घ्यावा. उठताना कंबरेने जे केलं त्याबद्दल लिहीत नाही.) साडूभाऊंचे गुडघे कसे आहेत? त्यांना जिना चढू नका म्हणून सांगा. ते ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे, तेव्हा निदान उतरताना कठडा धरा म्हणावं. तुमचं ब्लडप्रेशर माझ्यामुळे वर गेलं होतं, ते खाली आलं का, हे विचारायला तोंड नाही, तरी विचारतो. माझी प्रकृती ठीक. ठीक म्हणजे पट्टा लावल्याशिवाय पँट जागेवर राहत नाही, पण त्याचं कारण पुढे येणारच आहे.

तुम्ही आमच्याकडून तडकाफडकी निघून गेलात तेव्हापासून हे पत्र मी मनात लिहितो आहे. त्यातले पहिले काही खर्डे तुमच्यावर रागावून होते, ते तुमच्या सुदैवाने मनातच राहिले. झालं ते असं की मी कामावरून घरी आलो, तर स्वयंपाकघर लखलखत होतं, तुम्ही कमरेला पदर खोचून स्टुलावर उभ्या होता, हातात माझ्या औषधांच्या पेटीतलं स्पिरिट आणि कापसाचा बोळा होता, आणि फळीवरच्या डब्यांची लेबलं काळी ठिक्कर पडली होती. तुम्ही हसून म्हणालात, काय हो भावजी, किती ही बुरशी, पुसावी तितकी वाढतेच आहे. आणि मी ओरडलो. माझ्या घरातल्या कशालाही हात लावायचा नाही, असं मी माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला म्हणालो. तीन महिने नाहीत झाले तुमची छोटी जाऊन, तुम्ही माझं घर सावरायला आलेल्या, आणि मी असा तुमच्यावर धावून गेलो. तुम्ही स्टुलावरून उतरलात, हात धुतलेत, पिशवी भरलीत आणि न जेवता गेलात. (भावजींच्या डोक्यावर परिणाम झालाय असं तुम्ही घरी जाऊन म्हणालात, हे साडूभाऊंनी मला फोनवर दबक्या आवाजात सांगितलं. त्यांना बोलू नका. आणि तुमचं काही चुकलंही नाही.) पण लेबलांसाठी एवढा आकांत कशाला, हे मी तेव्हा सांगितलं नाही, ते आता सांगतो.

त्यासाठी थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. कंटाळलात तर मध्ये थांबा, पण गाळू नका, माझी सगळी बाजू त्यातच आहे. पार्सलवर पत्त्याचं आणि काळ्या रेघांचं जे पांढरं लेबल असतं ना, ते दोन जातींचं असतं. एक रिबनवालं. प्रिंटरमध्ये काळी रिबन असते, ती तापते, तिची शाई कागदावर बसते, आणि ती अक्षरं मग ऊन, पाणी, घामट हात असं सगळं सोसत वर्षानुवर्षं राहतात. दुसरं डायरेक्ट थर्मल. याच्यात शाई नाही, रिबन नाही. कागदावरच एक लेप असतो, तो उष्णतेने काळा पडतो, आणि प्रिंटर हवे तिथे त्याला चटके देत जातो. म्हणजे ते छापणं नव्हेच, भाजणं. (दुकानाची पावती मिळाली की तिच्यावर जोरात नख ओढून बघा. काळी रेघ उमटली तर तीच ही जात. साडूभाऊंना असले प्रयोग आवडतात, त्यांना करू द्या.) हे लेबल स्वस्त पडतं, भरभर निघतं, रिबन बदलायची कटकट नसते. पण ऊन लागलं की ते विटतं, शेगडीजवळ ठेवलं की सगळंच काळवंडतं, तेलाचा हात लागला की अक्षरं उडतात, आणि स्पिरिट लागलं की काय होतं ते आपण दोघांनी मिळून बघितलं. ती बुरशी नव्हती ताई. तुम्ही पुसत होता म्हणूनच ते काळं होत होतं.

आमच्या गोदामात कोणत्या जातीचं लेबल घ्यायचं हे ठरवणं माझं काम. खरेदी विभागात आयुष्य काढलं आणि दरवेळी मी डायरेक्ट थर्मलच घेतलं. पार्सल आज निघतं, आठवड्याच्या आत पोचतं, घेणारा ते फाडतो आणि लेबल कचऱ्यात जातं. ज्याला आठवडाभर जगायचं आहे त्याच्यासाठी दहा वर्षांचं आयुष्य कशाला विकत आणायचं? निर्णय बरोबर होता. आजही मी तोच घेईन. तुमच्या छोटीचं मत वेगळं होतं, आणि ती बसायची लेबल छापायच्या टेबलावर, म्हणजे माझा निर्णय रोज तिच्या बोटांखालून जायचा. खरेदी विभागाच्या दारात उभं राहून तिने मला आयुष्यातलं पहिलं वाक्य ऐकवलं ते हे, की तुमची लेबलं ट्रकमध्ये दोन दिवस उन्हात राहिली की कोऱ्या चेहऱ्याने परत येतात, अगदी तुमच्यासारखी. मी म्हटलं, माल सावलीत ठेवायची जबाबदारी डिस्पॅचची आहे. ती म्हणाली, मग त्या डिस्पॅचशीच लग्न करा. (तोवर तिथे लग्नाचा विषय नव्हता. तो तिने काढला. तुमच्या माहेरी ही गोष्ट कायम उलटी सांगितली गेली आहे, म्हणून एकदा लेखी नोंदवतो.)

रोल संपत आला की शेवटचा कागद मशीन नीट ओढत नाही, लेबल तिरकं निघतं, म्हणून ते शेपूट काढून फेकायचं असतं. ती फेकायची नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या शेपटांवर ती आमच्या घरचे डबे छापायची. पत्त्याच्या जागी मला धमक्या असायच्या. साखरेवर होतं, 'साखर. दोनच चमचे. मला आवाजावरून कळतं.' मिठावर, 'मीठ. आधी चव बघा, मग हात घाला.' पिठावर, 'पीठ. ही कपडे धुवायची पावडर नाही.' (हे एकदाच झालं होतं, आणि तेही तिला ताप होता आणि मी मदत करत होतो तेव्हा.) चहावर, 'चहा. जो करेल तो भांडं घासेल.' तांदळावर, 'तांदूळ. दोघांना एक वाटी. जास्त माणसं आली तर मला हाक मारा.' आणि बिस्किटांच्या डब्यावर तिने 'खिळे आणि स्क्रू' असं छापलं होतं. तो डबा मी दीड वर्ष उघडला नाही. एकदा भिंतीवर घड्याळ लावायला खिळा हवा झाला तेव्हा भानगड उघडकीला आली, आणि ती इतकी हसली की घड्याळ लावायचं राहून गेलं. ते अजून माळ्यावर आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या छोटीचं हस्ताक्षर या घरात कुठेच नाही. सही सोडली तर तिने हाताने कधी काही लिहिलं नाही, सगळं मशीनवर. तिचा आवाजही कुठे साठवलेला नाही, कारण कोणी फोन वर धरला की ती तोंड फिरवायची. फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांत ती गप्प आहे, आणि गप्प असलेली ती मला ओळखीची वाटत नाही. ती बोलायची तशी आता फक्त त्या डब्यांवर बोलत होती. सकाळी चहा करायला गेलं की झापून घ्यायचं आणि मग दिवस सुरू व्हायचा. ते एकेक करून पुसलं जात होतं. हे मला तुमच्या आधीपासून दिसत होतं, कारण याच धंद्यात केस पिकले. नुसतं वय होऊनही ती लेबलं विटतातच. तुम्ही स्पिरिट लावलंत त्याने फक्त घाई झाली इतकंच.

एक सांगतो, रागावू नका. दवाखान्यात तिच्या मनगटाला नावाचा पट्टा बांधला होता, आठवतो? पहिल्याच दिवशी मी तो बघितला, नखाचं टोक हळूच ओढलं, आणि म्हणालो की हेही डायरेक्ट थर्मलच आहे, पण वरून चांगलं संरक्षण दिलंय, पाण्याने जाणार नाही. माणूस घाबरला की त्याला येतं तेच तो बोलतो. ती डोळे मिटून पडली होती, तरी म्हणाली, बघा, यांच्या खरेदीवाल्याला अक्कल आहे. नर्स हसली, मीही हसलो. पट्ट्यावरची अक्षरं शेवटपर्यंत अगदी ठळक राहिली. मला तो मागून घ्यायचं सुचलं नाही.

तर तुम्ही गेल्यावर मी डबे वाचवायला कंबर कसली. पहिली गोष्ट केली ती अशी, की उरलेल्या चांगल्या लेबलांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली, नीट, बुडबुडा न राहू देता. ताई, नवीन माणसं कामावर आली की मी त्यांना पहिल्या तासाला हेच शिकवतो, की थर्मल लेबलावर चिकटपट्टी लावायची नाही, तिच्यातलं रसायन अक्षरं खाऊन टाकतं. असं करणाऱ्या डिस्पॅचच्या एका माणसाला मी सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने तेच केलं! का, ते विचारू नका. जवळचं काही जायला लागलं की माणूस त्याला घट्ट धरतो, धरल्याने काय होतं हे तेव्हा त्याच्या डोक्यात शिरत नाही. साखर आणि मीठ पंधरवड्यात कोरे झाले. तुमच्या बोळ्याने लेबलं काळी पडली, माझ्या चिकटपट्टीने पांढरी, म्हणजे तुमच्या-माझ्यात हिशेब सारखाच झाला.

मग मी शास्त्रशुद्ध वागायचं ठरवलं. उजेड नको म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी लावली. उष्णता नको म्हणून शेगडी बंद. तेल नको, वाफ नको, तेव्हा स्वयंपाकच नको. कामावरच्या कँटीनमध्ये दुपारी जेवायचं आणि संध्याकाळी केळी आणि पाव, तेही बाहेरच्या खोलीत बसून. (पँटचं कारण ते हे.) समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका एकदा वाटीत काहीतरी घेऊन आल्या, अंधारात ठेचकाळल्या, आणि आत फोटो धुता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, डबे ठेवलेत. त्या बराच वेळ डब्यांकडे बघत उभ्या राहिल्या, मग पुढच्या दारापर्यंत मागे मागे चालत गेल्या. आता त्या मला जिन्यात भेटल्या की लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलतात.

त्यापुढची अक्कल अशी, की एवढा अंधार आणि थंडी फुकट मिळणारी जागा आपल्याच कामावर आहे. आमच्या गोदामात औषधांच्या मालासाठी शीतगृह आहे. ते सांभाळणारा माणूस बाराही महिने कापूस भरलेलं जाकीट घालून डुलत चालतो, म्हणून त्याला सगळे पेंग्विन म्हणतात. मी सगळे डबे कागदात गुंडाळून एका खोक्यात भरले, वर आमचंच लेबल लावलं, 'खरेदी विभाग. हलवू नये', आणि खोकं पेंग्विनच्या स्वाधीन केलं. त्याने विचारलं, नमुने का? मी म्हटलं, नमुनेच. (खोटं नव्हतं. तुमची बहीण नमुनाच होती.) त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली, डबे सुरक्षित आहेत या कल्पनेने.

आता लेबलाला पाठ असते, आणि पाठीला गोंद. साधा गोंद थंडीत आखडतो, त्यातून खोकं दमट झालेलं असलं की लेबल आपोआप सुटून पडतं. शीतगृहासाठी वेगळ्या गोंदाचं लेबल मिळतं. पेंग्विन दरवर्षी त्याची मागणी माझ्याकडे पाठवतो, आणि दरवर्षी मी तिच्यावर 'आवश्यकता नाही' असा शेरा मारून परत पाठवतो. तेव्हा माझ्या खोक्याचं लेबल गळून पडलं यात नवल ते काय? ते कोणाच्या तरी बुटाला चिकटून गेलं असणार. मी बघायला गेलो तर खोकं जागेवर नाही. पेंग्विनने अतिशय नम्रपणे सांगितलं, की साहेब, बिनलेबलाचा माल नियमाप्रमाणे बेवारस कोठडीत जातो, आणि तिथून ठरावीक मुदतीने निकाली निघतो, खाण्याचा असेल तर आधी. मग म्हणाला, गोंदाचं एवढं बघितलं असतंत तर. त्याला किती वर्षांनी हे वाक्य बोलायला मिळालं होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण माझ्याकडे बघून त्याने ते पुरतं उपभोगलं नाही. उलट माझ्याबरोबर तो कोठडीपर्यंत आला, वाटेत धावलासुद्धा. ताई, मी धावलो. माल निकाली काढायची गाडी दारात उभी होती आणि मला वाटत होतं, की शिळं पीठ आणि तांदूळ म्हणून ते सगळं आता कचऱ्यात जाणार.

बेवारस कोठडीच्या खिडकीवर एक बाई बसतात, त्यांना आमच्याकडे चौकशीबाई म्हणतात. त्या ओळखीपाळखीला भीक घालत नाहीत. एका खोक्यावर पूर्वी दोघांनी हक्क सांगितला होता, तेव्हापासून नियम असा, की दावा करणाऱ्याने माल न बघता आतल्या वस्तू आणि त्यांवरच्या खुणा तोंडी सांगायच्या, त्या बाईंनी उतरवून घ्यायच्या, मग खोकं उघडून पडताळायच्या. (नियम चांगला आहे. तो ठरला त्या बैठकीत मीही होतो.) मी बाजूला येऊन हळू आवाजात सांगतो म्हटलं, तर म्हणाल्या, इथेच सांगा आणि मोठ्याने सांगा, काचेतून ऐकू येत नाही. माझ्यामागे ट्रकवाल्यांची ही रांग.

मी सांगायला लागलो. एक डबा साखरेचा. त्यावरची खूण? 'साखर. दोनच चमचे. मला आवाजावरून कळतं.' मागे कोणीतरी खुदकन हसलं. एक पिठाचा. 'पीठ. ही कपडे धुवायची पावडर नाही.' मग सगळेच हसले. चहाचा सांगितला, मिठाचा सांगितला. बिस्किटांचा डबा, त्यावर 'खिळे आणि स्क्रू' लिहिलंय, म्हटल्यावर चौकशीबाईंनी पेन खाली ठेवलं, कारण आत एक आणि लेबल भलतंच हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे. मला त्याचा खुलासा करावा लागला, बायको माझ्यापासून बिस्किटं लपवायची, असा. ट्रकवाले खूश. मग मी तांदळावर आलो. 'तांदूळ. दोघांना एक वाटी.' एवढं म्हणालो, आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. मला ते येत होतं. चौकशीबाई म्हणाल्या, पुढे काही आहे का? मी म्हटलं, आहे. 'जास्त माणसं आली तर मला हाक मारा.' त्यावर कोणी हसलं नाही. तिला जाऊन किती महिने झाले ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, टेबलावर आता दुसरी मुलगी बसते.

शेवटी कॉफीचा डबा. कॉफी आमच्याकडे फक्त तुम्हीच पिता, ताई. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी ती भरली जायची आणि तुम्ही गेलात की डबा वरच्या फळीवर. माझा त्याला कधी हातच लागला नाही. त्यावर काहीतरी होतं, दोन ओळी होत्या, एवढं आठवतं, शब्द आठवेनात. सगळे डबे तोंडपाठ आणि हा एक कोरा. मी तिथे काचेला हात टेकून उभा राहिलो आणि मला रडू आलं. ती गेली तेव्हा जेवढं आलं नव्हतं तेवढं आलं. रांगेतला एक जण म्हणाला, असू द्या हो बाई, कॉफीचं. चौकशीबाईंनी त्याला गप्प केलं, खोकं फोडलं आणि एकेक डबा उजेडात धरून पडताळायला घेतला. साखरेचा घेतला. त्यावर माझ्या चिकटपट्टीखाली पांढराशुभ्र कागद होता, एक अक्षर नव्हतं. त्यांनी चष्मा वर करून तो नीट वाचला, ओळीवर बोट ठेवून, आणि कागदावर लिहिलं, जुळलं. मिठालाही तसंच. तुम्ही काळं केलेल्या पिठालाही तसंच. कॉफीचं लेबलही तुमच्या बोळ्याने काळं ठिक्कर होतं, तो रकाना मात्र त्यांनी मोकळा सोडला आणि खोकं मला दिलं.

पेंग्विन ते माझ्या घरापर्यंत घेऊन आला. वाटेत म्हणाला, साहेब, सगळं पाठ आहे तर नवीन छापून घ्या, या वेळी रिबनवर. सल्ला रास्त होता. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर गेलो, साखरेचं लेबल टाइप केलं, छापलं. चांगलं काळंभोर, सरळ निघालं. पण ते कंपनीने लावलेल्या सूचनेसारखं दिसत होतं, आणि कंपनीचं कोण ऐकतो? मी ते चुरगाळून टाकलं. घोंगडी काढली आहे. डबे परत शेगडीजवळच्या फळीवर ठेवलेत, होते त्या क्रमाने. काल चहा केला, वाफ सगळ्या लेबलांवर गेली, जाऊ दिली. दोनच चमचे घातले आणि भांडं घासून ठेवलं. जे उरलंय ते या उन्हाळ्यात जाईल, मी त्याला काही करू शकत नाही आणि आता करणारही नाही.

तुम्हाला बोललो त्याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही माझ्या घरात हव्या त्या वस्तूला हात लावा. ती आधी तुमची बहीण होती आणि मग माझी बायको, एवढा क्रम मला कळायला हवा होता. साडूभाऊंना नमस्कार, त्यांना वाकून केलेला नाही, कंबर एकाच नमस्कारात संपली.

तुमचा (अजून तसं म्हणायची परवानगी असेल तर)
भावजी

ता. क. : कार्यालयीन बाब. चौकशीबाईंचा कॉफीचा रकाना अजून मोकळा आहे आणि त्याशिवाय दावा बंद होत नाही. तुम्ही बोळा फिरवायच्या आधी ते वाचलं असणारच, तुम्ही औषधाच्या बाटलीवरचं बारीकसुद्धा वाचता. तरी कॉफीच्या डब्यावरचा मजकूर शब्दशः कळवावा.

ता. क. २ : दावा कधीच बंद झाला. चौकशीबाईंनी त्याच संध्याकाळी त्या रकान्यातही 'जुळलं' लिहून टाकलं. मजकूर मला हवा आहे. तो मला उद्देशून नसेल, तुम्हालाच असेल, तरी चालेल. तिचं एवढंच बोलणं माझं ऐकायचं राहिलंय. पत्राने नका कळवू, येऊन सांगा. कॉफी भरून ठेवली आहे.

ता. क. ३ : आठवत नसेल तर तसं मात्र सांगू नका. मनाने काहीतरी सांगा, तिने झापलं असतं तसं. तुम्हा बहिणींचं झापणं सारखंच आहे, मला फरक कळायचा नाही. आणि कळला तरी मी काही बोलणार नाही.